उंदरांना आलेला गुण

औषधाच्या दुकानदाराने गोळ्यांची पाकिटं काउंटरवर मांडली, त्यातलं शेवटचं उचलून मौनी मोठ्याने हसला. दुकानदार चमकला. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेताना माणसं तोंड पाडतात, हसत नाहीत.

"बघ, ओळख पटते का," म्हणत मौनीने पाकीट बायकोपुढे धरलं.

घड्याळबाईने चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट नाकाशी नेऊन नाव वाचलं आणि तीही हसली. "अगंबाई! ही अजून आहे होय?" शाळेतली मैत्रीण भरबाजारात समोर यावी, तसा तिचा आवाज झाला होता.

मौनी आणि घड्याळबाई ही काही त्यांची आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात दोघांनी उमेदीची वर्षं काढली, आणि ही नावं तिथली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. आता मौनीला साखरेचा जुना आजार होता आणि त्या आजाराने हळूहळू पायांच्या नसा धरल्या होत्या. तळपायात कोणी निखारे फिरवावेत तशी आग व्हायची. त्यासाठीच तर ते त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी रक्त तपासलं आणि नेहमीच्या औषधांत ही एक गोळी वाढवली. "ही हृदयासाठी बरं का, आजोबा," त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "पायांच्या आगीचं नंतर बघू. आधी साखर आटोक्यात येऊ दे."

पण घरी येईपर्यंत दोघांच्याही मनात एकच विचार घोळत होता. कोण आधी बोलतं एवढाच प्रश्न होता.

चहाचा कप पुढे ठेवताना घड्याळबाईच म्हणाली, "समजा, हिने तुझ्या पायांची आगही थांबली तर?"

"तर आपले सर वरून खाली उतरतील," मौनी म्हणाला, "आणि म्हणतील, पुन्हा करून दाखवा."

आणि मग काय, चहा निवला तरी सरांचा विषय निघालेला तो संपेना.

कॉलेजच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक बैठी इमारत होती. तिथे उंदीर ठेवलेले असत. दार उघडलं की लाकडाच्या भुश्शाचा आणि ओल्या खाण्याचा वास अंगावर यायचा. नव्या माणसाला मळमळायचं, जुन्याला घरी आल्यासारखं वाटायचं. विभागप्रमुख सर उंच, शीघ्रकोपी, वर्गात त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाई. पण उंदरांच्या खोलीत शिरताना ते बूट बाहेर काढत. टाचांच्या आवाजाने उंदीर दचकतात आणि दचकलेल्या उंदरावर केलेला प्रयोग म्हणजे शिंकताना काढलेला फोटो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा जन्म एकाच प्रश्नामागे गेला होता. दुखणं म्हणजे काय आणि ते कशाने थांबतं.

मौनी तेव्हा चरबीवर काम करत होता. उंदरांना कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध द्यायचं आणि रक्तात काय फरक पडतो ते बघायचं, असं त्याचं साधं काम. त्यात एक गोष्ट त्याच्या डोळ्यांत भरली. रक्त काढताना सुई टोचली की जागा सुजते, पण हे औषध घेणाऱ्या उंदरांची सूज लवकर ओसरायची. त्याने भीतभीत सरांना सांगितलं.

"म्हणजे कोलेस्टेरॉलच्या औषधाने दुखणं थांबतं म्हणतोस?" सरांनी भुवई उडवली. "उद्या म्हणशील, खोकल्याच्या औषधाने केस वाढतात."

"दुखण्याचं मी काही म्हणालो नाही, सर. सूज म्हणालो."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वळून म्हणाले, "सूज उतरत असेल तर दुखणंही उतरायला हवं. निदान थोडं. करून बघू. हसू झालं तर तुझं होईल, आणि खरं निघालं तर नाव माझं!"

त्या प्रयोगासाठी सरांनी विभागात नव्याने आलेल्या एका मुलीला मौनीच्या जोडीला दिलं. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारी. पण तिची नजर भारी पक्की होती. तीच ही घड्याळबाई.

काम असं होतं. मौनीने काही उंदरांना ते औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी. मग प्रत्येक उंदराच्या मागच्या पंजात चुरचुरणाऱ्या द्रवाचा एक थेंब टोचायचा आणि त्याला काचेच्या भांड्यात सोडायचं. उंदराला दुखलं की तो पंजा चाटतो. तो चाटायला लागला की तिने हातातल्या घड्याळाचं बटण दाबायचं, थांबला की सोडायचं. आधी तो लगेच चाटतो, कारण टोचलेलं झोंबतं. मग गप्प बसतो, जणू विसरला. आणि थोड्या वेळाने, आतून सूज धरली की पुन्हा चाटू लागतो. सरांचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या चाटण्यावर होतं.

पहिल्या दिवशी प्रत्येक उंदराला भांड्यात सोडताना ती पुटपुटायची, "माफ कर हं, बाळा." सर मागे येऊन उभे राहिलेले तिला कळलं नाही.

"माफी मागतेस ते चांगलं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मग नीट मोज. तू चुकीचं मोजलंस तर त्या बिचाऱ्याचं दुखणं फुकट गेलं."

त्यानंतर तिने पापणी लवू दिली नाही. भांड्यापुढे तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून बसायची, आणि म्हणून विभागाने तिचं नाव घड्याळबाई पाडलं.

मौनीचं नाव पडलं ते सरांच्या दुसऱ्या नियमामुळे. कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला पाणी, हे घड्याळबाईला कळता कामा नये. तिला याचा राग आला होता. "माझ्यावर विश्वास नाही का, सर?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या अंगठ्यावर नाही," सर म्हणाले. "हा औषधवाला उंदीर, असं नुसतं मनात आलं की अंगठा बटणावर उशिरा पडतो. माणूस चोर नसतो गं, अंगठा चोर असतो."

आता गंमत बघा, मौनी मुळात एक नंबरचा बडबड्या. सकाळी आल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. बहिणीच्या लग्नातला गोंधळ, शेजाऱ्याचा आजारी पोपट, सरांच्या नकला, कशालाच सुमार नाही. पण उंदरांचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी! संध्याकाळी बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत जायची. ती आडून आडून विचारायची, "आजचा तो पांढरा, आखूड शेपटीचा, तो पाणीवाला होता ना?" की हा लगेच, "आज ढग आले आहेत, नाही?" आभाळ निरभ्र असायचं. ती चिडायची. बस यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा चालण्यात थंडी गेली, उन्हाळा आला. एकमेकांना ते "तुम्ही" म्हणत. एकदा तिच्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा त्याने स्वतःच्या वहाणा तिला दिल्या आणि तो अनवाणी, तापलेल्या रस्त्यावरून नाचत गेला. ती हसून हसून बेजार झाली. बस दोनदा चुकली.

शेवटी मोजणी संपली. एका दुपारी सरांनी दार लावून घेतलं, मौनीकडून कुठल्या उंदराला काय दिलं होतं ते वदवून घेतलं आणि फळ्यावर दोन रेघा ओढायला घेतल्या. एक औषधवाल्यांची, एक पाणीवाल्यांची. पहिलं चाटणं दोघांचं सारखंच. रेघा अंगाला अंग लावून चालल्या होत्या. घड्याळबाईचा चेहरा उतरला. मग दुसरं चाटणं आलं आणि पाण्याची रेघ वर गेली, औषधाची रेघ खालीच राहिली. खडू फळ्यावर थांबला. वर पत्र्यावर कावळा चालत होता.

"तू मला एकदासुद्धा सांगितलं नाहीस!" घड्याळबाई एकदम ओरडली.

तोंडातून "तू" निघून गेलं होतं. तिने जीभ चावली, पण बाण सुटला तो सुटला. मौनी कानापर्यंत लाल झाला.

सरांनी खडू खाली ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "हेही निरीक्षण महत्त्वाचं दिसतंय," ते म्हणाले. "पण आधी उंदरांचं बघू. सगळं पुन्हा करायचं. या वेळी औषध ती देणार आणि तू मोजणार."

पुन्हा केलं. या वेळी गप्प राहायची पाळी तिची होती, आणि पोटातलं ओठावर येऊ न देणं म्हणजे काय असतं हे तिला तेव्हा कळलं. उत्तर तेच आलं, जरा फिकं, पण तेच. सरांना पटलं. पुढे एका परिषदेत त्यांनी ते मांडलं, तेव्हा पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "पण त्या उंदरांना पथ्यावर ठेवलं तर?" सगळं सभागृह हसलं. सरही हसले. काही वर्षांनी दुसऱ्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही उंदरांत तसंच काहीसं पाहिल्याचं त्यांच्या वाचनात आलं, तेव्हा सर निवृत्त झाले होते. दोघं मुद्दाम फुलं घेऊन त्यांच्या घरी गेली, बरोबर कडेवर लेक. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. पण लक्षात ठेवा, उंदराला गुण आला म्हणजे उंदराला आला. माणसाचं माणसालाच विचारावं लागतं."

माणसाला विचारायचं त्या दोघांकडून राहूनच गेलं. विभागात कामं बदलली, सर गेले, बैठी इमारत पाडली.

आणि आता इतक्या वर्षांनी तीच गोळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी येऊन बसली होती.

काही दिवस गेले. मग एका सकाळी मौनी वर्तमानपत्रामागून म्हणाला, "आग जरा कमी वाटते गं."

घड्याळबाईचा हात कणकेत थबकला. "खरं सांगतोस?"

"कालपासून. फार नाही, पण आहे फरक."

त्या सकाळपासून घराचा नूरच पालटला. घड्याळबाईने लेकीला फोन लावला. लेक दूर राहायची, बँकेत होती, आणि आईबापांचं उंदीरपुराण तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. "आई, बाबा म्हणजे काय पिंजऱ्यातला उंदीर आहेत का?" तिने विचारलं.

"तुझे बाबा उंदरापेक्षा जास्त खातात, एवढाच फरक," घड्याळबाई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर लहान मुलीसारखी हसली.

माळ्यावरून जुने फोटो खाली आले. सरांचा, खिडकीशी उभा असलेला. बैठ्या इमारतीपुढचा सगळ्यांचा, त्यात ती डोळे मिटून आणि तो तोंड उघडं टाकून. जेवताना आता दुसरा विषय नव्हता. सरांनी कोणाला कधी काय झापलं, भांड्यातून निसटलेला उंदीर प्राचार्यांच्या टोपीत कसा सापडला, बसथांब्यावरच्या त्या तुटक्या बाकावर पाऊस आला तेव्हा दोघं कशी चिंब बसून राहिली. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज कसं आहे?" आणि तो सांगायचा, "कालच्यापेक्षा बरं." तिच्या डोळ्यांत तेव्हा असं काही चमकायचं, की तो पुढे आणखी एखादी आठवण काढायचा.

एका दुपारी ती शेजारणीकडून लवकर परत आली. दार नुसतं लोटलेलं होतं. मौनी पुढच्या खोलीत खुर्चीवर पाठमोरा बसला होता. त्याने उजवा तळपाय खुर्चीच्या लोखंडी पायावर टेकवला, घासला, थांबवला. मग डावा. थोडा वेळ दोन्ही पाय थंड फरशीवर सपाट ठेवून बसला, जणू विसरला. आणि मग पुन्हा उजवा उचलला, दोन्ही हातांनी धरला, आणि अंगठ्याने तळवा चोळू लागला. चेहरा दिसत नव्हता, पण मानेची शीर ताणलेली तिला दारातून दिसली.

घड्याळबाई जागच्या जागी उभी राहिली. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप तर्जनीवर दाबला गेला होता. तो थांबला की अंगठा सुटत होता. तो चोळू लागला की पुन्हा दाबला जात होता. हातात घड्याळ नव्हतं, तरी ती मोजत होती.

मग तिने मुद्दाम दार वाजवलं. क्षणात मौनीचे पाय वहाणांत गेले आणि तो शीळ घालायला लागला.

"आलीस? चहा टाकू का?"

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मौनी, मी दारात उभी होते."

शीळ थांबली. त्याने खिडकीबाहेर बघितलं. "आज ढग आले आहेत, नाही?"

"मला ढग नको सांगूस!" ती इतक्या जोरात म्हणाली, की तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "कधीपासून दुखतंय?"

"कधी थांबलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी सकाळी क्षणभर खरंच कमी वाटलं होतं. म्हणून बोललो. मग तू कणकेचे हात तसेच ठेवून लेकीला फोन केलास. सरांचा फोटो काढलास. इतक्या वर्षांत तुला असं हसताना नव्हतं पाहिलं. मग कोणत्या तोंडाने सांगू, की नाही गं, काही नाही झालं?"

घड्याळबाई पलंगावर बसली. तिला राग आला होता, आणि रागाखाली दुसरंच काही होतं. रोज रात्री चादरीतून बाहेर निघणारे त्याचे पाय तिने पाहिले होते. उकडत असेल, असं स्वतःला सांगितलं होतं. उंदराचं अर्ध्या क्षणाचं चाटणं न चुकवणारी तिची नजर, आणि घरच्या माणसाचे पाय तिला दिसले नव्हते. कारण तिला उत्तर आधीच ठरवायचं होतं.

"सर म्हणायचे ते खरं," ती म्हणाली. "अंगठा चोर असतो. माझे तर डोळेही चोर निघाले."

"आणि मी काय साव आहे?" मौनी तिच्या शेजारी येऊन बसला. "उंदीर बरे होते बघ. दुखलं की चाटायचे. आपल्यासारखं नाही."

"पुन्हा असं करशील?"

"नाही."

"कानाला खडा लाव."

त्याने खरंच कानाची पाळी धरली. ती हसली, पण डोळे पुसून मगच.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. मौनीने सगळं सांगितलं, बैठ्या इमारतीपासून खुर्चीच्या पायापर्यंत. बाहेर रुग्ण खोळंबले होते, पण डॉक्टरीणबाई टेबलावर कोपर टेकून ऐकत राहिल्या.

"उंदरांत असं दिसल्याचं मीही वाचलंय," त्या म्हणाल्या. "पण माणसांत अजून छातीठोक सांगावं असं काही नाही. कुठे फरक दिसला, कुठे नाही. आणि एकट्या तुमच्यावरून काही ठरत नाही, हे मी तुम्हा दोघांना काय सांगणार! ती गोळी मात्र सोडायची नाही हं. ती हृदयासाठी आहे, आणि ते काम ती करतेय. पायांसाठी मी वेगळं औषध देते. मला आधीच सांगितलं असतं तर आधीच दिलं असतं."

मग त्यांनी मौनीला पाय वर घ्यायला लावले आणि एक जाडसर नायलॉनचा धागा तळव्याला जागोजागी टेकवत विचारलं, "इथे कळतं? इथे?"

"अहो, असाच धागा आम्ही उंदरांच्या पंजाला लावायचो," मौनी म्हणाला.

"बडबड नको, नीट सांग," घड्याळबाई म्हणाली. "उजव्या टाचेला त्या टेकवत होत्या तेव्हा तू काहीच बोलला नाहीस."

"कळलंच नाही तिथे," मौनी म्हणाला. आणि या वेळी चेष्टा केली नाही.

नव्या औषधाने पहिले काही दिवस तो खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचा. शेजारीण म्हणाली, "काय हो, आजोबा दिवसाढवळ्या घोरतात!" मग हळूहळू ती गुंगी कमी झाली आणि पायांची आगही. सगळी नाही गेली. संध्याकाळी घड्याळबाई विचारायची तेव्हा तो विचार करून उत्तर द्यायचा. "आज वाईट आहे." "आज निम्मी." "आज दुपारी विसरलोच होतो." ती त्यावर खूशही व्हायची नाही आणि खट्टूही नाही. फक्त ऐकायची. लेकीला तिने सगळी हकीकत फोनवर सांगितली, तेव्हा लेक म्हणाली, "मग आता फोटो पुन्हा माळ्यावर?" "छे गं," घड्याळबाई म्हणाली. "ते राहू देत भिंतीवर. त्या दिवसांनी आपलं काय घोडं मारलंय?"

डॉक्टरीणबाईंनी अनवाणी फिरायला बंदी केली होती आणि मऊ, पुढून रुंद बूट घ्यायला सांगितले होते. म्हणून एका संध्याकाळी दोघं बुटांच्या दुकानात गेली. दुकानातल्या पोरीने एकामागून एक जोड काढले. मौनी घालून दुकानभर फिरायचा आणि मान हलवायचा. तिसऱ्या जोडाला ती म्हणाली, "हे छान दिसतात, काका."

"दिसतात छान, पण करंगळीला दाबतायत," मौनी म्हणाला.

पोरीने ढीग उपसून मागून आणखी एक जोड काढला. रंग चिखलासारखा, आकार होडीसारखा. मौनी घालून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. या वेळी मान हलवली नाही. घड्याळबाई स्टुलावर बसून त्याच्या चालण्याकडे बघत होती.

"हेच घे," ती म्हणाली.

"ध्यान दिसतं अगदी."

"दिसू दे. कोणाला दाखवायचंय?"

बूट पायातच ठेवून ते बाहेर पडले. जुने खोक्यात घालून घड्याळबाईने काखोटीला मारले. दिवे लागायची वेळ झाली होती, रस्त्यावर वर्दळ होती. घराकडे जाणारी गल्ली आली तरी मौनी वळला नाही. प्राचार्यांच्या टोपीतल्या उंदराची गोष्ट त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती, आणि ती संपायला पुढची गल्ली लागणार होती. तिने घराकडे एकदा बघितलं, खोकं दुसऱ्या काखेत घेतलं आणि त्याच्याबरोबर पुढे चालू लागली.